खडा कमरेत, कारण गळ्यात

पेणकरपाड्यात या. दहिसर चेकनाका मागे टाका, महामार्गावरच्या कंटेनरांचे भोंगे कानाआड करा आणि गल्लीत शिरा. एका हाताला वड्याची गाडी, दुसऱ्या हाताला मोबाइलचं दुकान, डोक्यावर इमारतींची दाटी. बस, इथेच उभे राहा. चपला काढून हातात घ्या. डोळे मिटायला मी सांगणार नाही, ते उघडेच ठेवा, कारण पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

पायाखालचं डांबर आधी कोमट लागतं, मग मऊ, मग थेट चिखल. हॉर्न एकेक करून विझत जातात. इमारती खाली बसतात आणि त्यांच्या जागी कौलं दिसू लागतात, ताडाची झाडं दिसू लागतात. पूर्वेला डोंगर आहे तसाच आहे, फक्त आता तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा दिसतो. पश्चिमेकडून वारा येतो. त्याला चिखलाचा, तिवरांचा आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आहे. साल १९३२, उन्हाळा. तारखेचं ओझं एवढंच.

एक अट मात्र पाळावी लागेल. तुमचं स्वतःचं अंग गल्लीतच राहील. इथे तुम्ही पंचेचाळिशीच्या आसपासची, मिठागरावर पाट्या वाहणारी आगरी बाई आहात. पुरुष वाचकांनाही सूट नाही. आपण ज्या दुखण्याच्या मागावर आहोत ते बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त होतं, आणि बहुधा मध्यम वयानंतर. म्हणून हे अंग.

पहाटेचा अंधार अजून पातळ झालेला नाही. चुलीतला धूर कौलांत अडकून खाली येतो, डोळे चुरचुरतात. सून भाकऱ्या थापते आहे. तांदळाच्या पिठाचा थप थप आवाज, तव्यावर पाण्याचा हात फिरला की चर्रर्र. तुम्ही उठून बसता. बसायलाच वेळ लागतो. मांड्यांत जोर नाही. जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, आणि उभं राहिलं की पाठीचा कणा आतून ठणकतो. रात्रीत चार वेळा लघवीला उठला होता. प्रत्येक वेळी परत येताना मडक्यातलं पाणी घटाघट प्यायला होता. आताही तोंडाला कोरड आहे. पोट कालपासून साफ नाही. भाकरी आणि सुकटीचा वास सुटलाय आणि कधी काळी याच वासाने तुम्ही झोपेतून उठत होता; आज मळमळतं.

सासू ओट्यावरून बघते. "वय जालां गो तुजा," म्हणते. पंचेचाळीस म्हणजे तिच्या हिशेबाने म्हातारपणच. तुम्ही लुगड्याचा काष्टा घालता. गेल्या वर्षी हेच लुगडं गुडघ्याच्या खाली वीतभर यायचं. आता ते अधिक खाली येतं, पायात अडकतं. लुगडं वाढलेलं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण घरात कुणाच्याही ते लक्षात येणार नाही.

बांधावरून रांगेने निघा. पुढे बायका, मागे पुरुष, मध्ये पोरं. डोक्यावर रिकाम्या पाट्या, पाट्यांवर चुंबळी. कुणी कुणाच्या लग्नाची गोष्ट सांगतंय, कुणाची म्हैस आटलीय, कुणाचा नवरा ताडी पिऊन बांधावरच झोपला होता. हसण्याचा फवारा उडतो आणि तिवरांतले बगळे उठतात. उजेड होतो तसं खाजण समोर पसरतं. एकाला लागून एक वाफे, प्रत्येकात आभाळाचा एक तुकडा. वाफ्यांच्या तळाची माती हंगामाच्या सुरुवातीला पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली आहे. तुमच्याच पायांनी. तळपायांच्या भेगांत मीठ बसलंय, आणि पाण्यात पहिलं पाऊल पडलं की ती प्रत्येक भेग वेगळी जागी होते.

सूर्य वर आला की बोलणं थांबतं. पांढऱ्या मिठावरून ऊन उलटं उसळून डोळ्यांत घुसतं. खालून उष्मा, वरून उष्मा. लांब दांड्याच्या फळीने पुरुष मीठ ओढून काठाला लावतात, त्याचा खरखर आवाज दिवसभर कानात राहतो. तुम्ही पाटी भरता, डोक्यावर घेता, बांधावरच्या ढिगाकडे चालू लागता. ओल्या मिठाचं पाणी पाटीतून निथळून मानेवर, पाठीवर, छातीवर येतं. घामात मिसळतं. ओठ चाटले तर कोणतं मीठ कुठलं ते सांगता येत नाही. एक खेप. दुसरी खेप. मीठखात्याचा शिपाई छत्रीखाली बसून बघतो. कुणी मूठभर मीठ कनवटीला लावतंय का, हे पाहणं त्याचं काम.

तिसऱ्या खेपेनंतर तुम्ही तिवरांच्या आडोशाला जाता. पुन्हा. मग मडक्याकडे. पुन्हा. बरोबरच्या बायका तेवढ्याच उन्हात आहेत, त्यांना दुपारपर्यंत लघवीसुद्धा होत नाही. तुम्हीच तेवढ्या पाणी पिता आणि सोडता. "बाय, आज पानी लय लागतंय तुला," एक जण म्हणते. ती सहज म्हणाली. पण अख्ख्या मिठागरावर रोगाच्या सगळ्यांत जवळ आजच्या दिवसात तीच पोहोचली.

जरा बांधावर टेका. खाली वाकून वाफ्यात बघा. पाण्यावर आधी साय धरल्यासारखा थर येतो, मग तळाशी कण दिसतात, मग चौकोनी खडे. पाणी आटतं, क्षार उरतो. तुमच्या पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आड, कण्याच्या दोन्ही बाजूंना अशीच दोन छोटी मिठागरं आहेत. लघवी घट्ट झाली, तिच्यात क्षार दाटले, की तिथेही खडे धरतात. मिठागरावरच्या बहुतेकांचा मुतखडा असाच होतो: ऊन, घाम, कमी पाणी. त्यात गूढ काही नाही. सावली मिळाली, पाणी वेळेवर प्यायलं, तर त्यातले कितीतरी खडे धरणारच नाहीत.

पण तुमचं तसं नाही. आता त्या बांधाच्या टोकाला पाहा. तिथे लाकडी झडपेची उघाडी आहे. भरतीला ती उघडायची, हवं तेवढं खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि पाडायची. झडप कुजून उघडीच राहिली तर? वाफे तेच, माणसं तीच, ऊन तेच, पण खारं पाणी रात्रंदिवस आत येत राहणार. मग तुम्ही वाफ्यातला क्षार कितीही ओढून काढा.

तुमच्या अंगातली उघाडी गळ्यात आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड ग्रंथी असते आणि तिच्या मागे चिकटून बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी. प्रत्येक जेमतेम मसुराएवढी. नावात थायरॉइड असलं तरी तिच्या कामाशी यांचा संबंध नाही. यांना एकच राखण करायची असते, रक्तातल्या कॅल्शियमची. ते कमी झालं की या ग्रंथी एक संप्रेरक सोडतात, आजचे डॉक्टर त्याला पीटीएच म्हणतात. ते हाडांतून कॅल्शियम बाहेर काढतं, मूत्रपिंडाला ते धरून ठेवायला लावतं, आणि ड जीवनसत्त्व चेतवून आतड्यांतून जास्त शोषायला लावतं. रक्तातली पातळी भरली की ग्रंथी गप्प बसतात. चारांपैकी एकीवर साधी, कर्करोग नसलेली गाठ धरली की ती गप्प बसायचं विसरते. पातळी भरलेली असूनही ती मागतच राहते. देणार कोण? तुमची हाडं. मणके पोकळ होऊन दबले, उंची घटली, म्हणून लुगडं पायात येतंय. रक्तात कॅल्शियम इतकं झालं की मूत्रपिंड धरून धरून किती धरणार, गाळलेलं जास्तीचं कॅल्शियम लघवीत उतरतं. त्याच संप्रेरकामुळे फॉस्फेटही लघवीत जास्त जातं. दोन्ही एकत्र आले की खडा. तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, मांड्यांतली कमजोरी, उगाच येणारी उदासी, सगळं त्या एका मसुराएवढ्या गोष्टीचं. तुम्हाला हे माहीत आहे कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. १९३२ च्या पेणकरपाड्यात हे कुणालाही माहीत नाही.

दुपारी कळ येते.

आधी वाटतं उसण भरली. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली कुणीतरी मूठ आवळल्यासारखं. मग ती मूठ पिळू लागते. पाटी डोक्यावरून खाली येते, मीठ बांधावर सांडतं. कळ कुशीतून पोटाकडे, पोटातून जांघेत उतरते. तुम्ही बसता, बसवत नाही. आडव्या होता, आडवं राहवत नाही. उठून चार पावलं टाकता आणि उलटी होते. बायका गोळा होतात. कुणी डोक्यावर ओला पदर धरते, कुणी पाय चोळते. "मुतखडा हाय," म्हातारी एक झटक्यात सांगते, कारण तिच्या नवऱ्याला होता. घरी आणतात तुम्हाला दोघींच्या खांद्यावरून. लघवी लालसर होते.

मग पाड्यातलं सगळं शहाणपण तुमच्या ओट्यावर जमतं, आणि मला ते शहाणपण मनापासून आवडतं, कारण त्यात माणसं एकमेकांना सोडून जात नाहीत. चुलीवर कुळथाचं कढण शिजतं, त्याचा उग्र वास घरभर. परसातली पानफुटीची पानं कुणी चावायला देतं. आंबट, तुरट, बुळबुळीत. गरम विटेचा शेक. ताडाच्या झाडावर चढणारा पोरगा शहाळी आणतो. मीठ-मिरच्यांनी दृष्ट निघते, मिरच्या निखाऱ्यावर तडतडतात आणि सगळे खोकतात. भगत येऊन राख लावून जातो. पाणी, कढण, शहाळं यांनी लघवी वाढते आणि छोटा खडा कधी कधी वाहूनही जातो. म्हणून या उपायांवर लोकांचा विश्वास बसला, आणि तो अगदीच वेडा नव्हता. पण उघाडीपर्यंत त्यातला एकही पोहोचत नाही.

तिसऱ्या रात्री तुमचं ओरडणं ऐकून नवरा बैलगाडी जुंपतो. गाडीत पेंढा, पेंढ्यावर गोधडी, गोधडीवर तुम्ही. चाक खड्ड्यात गेलं की कुशीत सुरी फिरते. भाईंदर स्टेशनात मिठाच्या गोण्यांची रास आहे, आणि तुम्ही त्या राशीला पाठ टेकून बसता. वाफेचं इंजिन येतं. कोळशाचा धूर, शिटी, डब्यात मासळीच्या टोपल्या, कोंबड्यांची खुराडी, भाजीचे भारे. बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आल्या आहेत, इकडे अजून नाहीत. दादरला उतरून ट्राम. घंटा वाजवत, रुळांवर किरकिरत ती परळकडे निघते. खाकी कपड्यातला कंडक्टर तुमचा पिवळा पडलेला चेहरा पाहून बसायला जागा करून देतो. या कंडक्टरला विसरू नका, थोड्या वेळाने त्याच्याच पेशातला एक जण भेटणार आहे.

परळचं केईएम रुग्णालय तेव्हा नवं आहे, सहा वर्षांचं. उंच छत, लोखंडी खाटा, फिनेलचा वास. गिरण्यांचे भोंगे वाजले की खिडक्यांची तावदानं थरथरतात. बाजूच्या खाटेवरची बाई गिरणीत कामाला, तिच्या केसांत अजून कापसाचे तंतू आहेत. तुम्ही इतक्या बायका एका खोलीत, पलंगावर झोपलेल्या, कधी पाहिल्या नाहीत. रात्री एक कण्हते, मग दुसरी, मग सगळ्या. डॉक्टर येतात, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. कुशीवर थाप मारतात, तुम्ही कळवळता, विद्यार्थी वहीत लिहितात. अंधाऱ्या खोलीत तुम्हाला थंडगार टेबलावर निजवतात, श्वास धरायला सांगतात, यंत्र गुणगुणतं. दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरलेल्या एक्स-रेत तुमची बरगडी दिसते, मणके दिसतात आणि उजव्या बाजूला पांढरा ठिपका. कॅल्शियमचा खडा असाच ठळक दिसतो. सगळे त्या ठिपक्याकडे बघतात. मणके किती फिकट पडलेत तिकडे कुणाची नजर जात नाही.

"पाणी कमी पिता तुम्ही मिठागरावरच्या बायका," डॉक्टर मायेने म्हणतात. "भरपूर पाणी पी, बाई."

तुम्ही काय बोलणार? पाड्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त पाणी तुम्हीच पिता.

नाकावर जाळी, जाळीवर औषधाचे थेंब, गोडसर गुदमरवणारा वास, मग काही नाही. जागं होता तेव्हा कुशीत विळ्यासारखी लांब जखम आहे आणि घशाला कोरड. परिचारिका एका बाटलीत तो खडा दाखवते. तांबूस, खडबडीत. एवढासा. नवरा बाटली हातात घेऊन हलवतो, खडा काचेवर टिकटिकतो. त्याला वाटतं, संपलं.

जखम भरेपर्यंत पडूनच राहायचंय, तेवढ्यात दोन ठिकाणी जाऊन येऊ. काळाचा प्रवास करतोच आहोत तर समुद्राचं काय एवढं.

पहिला मुक्काम व्हिएन्ना, सात वर्षं मागे. इथेही ट्राम, इथेही घंटा, फक्त थंडीत लोक लोकरीत गुंडाळलेले. अल्बर्ट नावाच्या या ट्राम कंडक्टरला चालता येत नाही. मांडीचं हाड मोडलंय, बाकीचीही पोकळ होत चाललीत. त्याच्या लघवीत पांढरा गाळ आहे. फेलिक्स मांडल नावाचा शल्यविशारद आधी उलटंच करून पाहतो: त्याला वाटतं ग्रंथी कमी पडतायत, म्हणून तो ग्रंथींचा अर्क देतो, मग दुसऱ्या माणसाच्या ग्रंथी बसवून पाहतो. काही फरक नाही. १९२५ मध्ये तो अल्बर्टचा गळा उघडतो आणि तिथे एक गाठ सापडते. काढतो. काही दिवसांत दुखणं ओसरतं, काही महिन्यांत अल्बर्ट काठी घेऊन चालू लागतो. गळ्यातल्या गाठीने हाडं खाल्ली होती, हे पहिल्यांदा असं समोर दिसलं. (त्याचा आजार काही वर्षांनी उलटला आणि तो वाचला नाही, हेही सांगायला हवं.)

दुसरा मुक्काम बॉस्टन, याच १९३२ चा हिवाळा. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ईथरचा वास आहे, खिडकीबाहेर थंडी. खाटेवर चार्ल्स मार्टेल, व्यापारी जहाजाचा कप्तान. सहा फुटांहून उंच होता. सात इंच घटलाय. सात इंच! छाती पुढे आलीय, मान खांद्यांत बुडालीय. त्याला तहान लागते, खडे पडतात, हाडं मोडतात. तुमच्या अंगात जे चाललंय तेच, त्याच्या अंगात पुढे गेलेलं. गळ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, गाठ मिळेना. मग कप्तान स्वतः शरीरशास्त्राची पुस्तकं घेऊन बसला. गर्भात या ग्रंथी गळ्यात उतरतात आणि कधी कधी त्यांतली एखादी जास्तच खाली, छातीत जाते, हे त्याने वाचलं आणि तिथे शोधा म्हणून आग्रह धरला. सातव्या खेपेला छातीच्या हाडामागे गाठ सापडली. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. स्वतःच्या अंगाचा नकाशा त्याने जहाजाच्या नकाशासारखा वाचला. गाठ निघाल्यावर दीडेक महिन्यात मूत्रनलिकेत अडकलेल्या खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. कारण सापडलं, पण आधी धरलेल्या खड्यानेच जीव घेतला.

त्याच रुग्णालयात फुलर ऑलब्राइट नावाचा डॉक्टर आहे. तो आणि त्याचे सहकारी एक साधा प्रश्न विचारतात: हाडं मोडेपर्यंत थांबायचं कशाला? खड्यांच्या रुग्णांचं कॅल्शियम आधीच का पाहू नये? ते पाहतात, आणि १९३४ मध्ये लिहितात की हाडं धड दिसणाऱ्या, नुसते खडे होणाऱ्या माणसांतही हा आजार असतो, आणि तो समजला जातो तितका दुर्मीळ नाही. त्या एका प्रश्नाने या आजाराचं रूप बदललं.

या ग्रंथी पहिल्यांदा कुणात दिसल्या ते माहीत आहे? भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला गेंडा मेला आणि रिचर्ड ओवेनने त्याची चिरफाड केली, तेव्हा थायरॉइडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा त्याने नोंदवला. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉमने १८८० मध्ये केलं. म्हणजे तुम्ही पेणकरपाड्यात कळवळत होता तेव्हा जगाला या ग्रंथी पन्नास वर्षं माहीत होत्या. रक्तातलं कॅल्शियम मोजायची रीतही होती, पण वेळखाऊ, आणि मिठागरावरून आलेल्या बाईच्या रक्तात ते मोजावं असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

चला, परत पाड्यात. पावसाळा लागलाय. मिठाचे ढीग गवताने शाकारलेत, वाफ्यांत पाऊस आणि खाडी एक झालीय, बेडकांच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कौलातून थेंब गळतो आणि खाली ठेवलेल्या तांब्यात टपटपतो. लोक भेटायला येतात, बाटलीतला खडा हातोहात फिरतो. भाताच्या लावणीला तुम्ही वाकता आणि सरळ होताच येत नाही. गणपतीनंतर डाव्या कुशीत कळ. पुन्हा कढण, पुन्हा पानफुटी. "मिठागरावर गेली की होनारच," लोक म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं पाडायला कुणाकडे काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही एक भरलेली घागर उचलता आणि हात मोडतो. हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधतो. लुगडं आता घोट्यापर्यंत येतं. रात्री तुम्ही ओट्यावर बसून रडता आणि का रडतोय ते तुम्हाला सांगता येत नाही. हे रडणंही त्याच कॅल्शियमचं असू शकतं, हे तुमच्याशिवाय त्या वर्षात कुणाला कळणार नाही.

इथून मी तुम्हाला बाहेर काढतो. त्या बाईचं पुढे काय झालं असतं, ते कप्तान मार्टेलच्या गोष्टीवरून ओळखा.

चिखल पुन्हा घट्ट होतो, कोमट होतो, डांबर होतं. हॉर्न परत येतात. वाटेत एक क्षण १९७० च्या दशकात थांबा: मोठ्या रुग्णालयांत असं यंत्र आलंय की एकाच रक्ताच्या नमुन्यात कॅल्शियमसकट कितीतरी गोष्टी आपोआप मोजल्या जातात. जिथे ते आलं तिथे हा आजार अचानक भराभर सापडू लागला. तो वाढला नव्हता, दिसू लागला होता. त्याच्या थोडं आधी, १९६३ मध्ये, सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने रक्तातलं पीटीएच मोजायची वाट दाखवली होती. आता उघाडीही मोजता येत होती आणि वाफाही.

आज तुम्ही उभे आहात त्या गल्लीपासून मीरा रोडची एखादी पॅथॉलॉजी लॅब किती लांब? रिक्षाचं भाडं. सकाळी उपाशीपोटी जा, दंडाला रबर, एक टोचणी, एक नळी रक्त. कॅल्शियम दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असायला हवं; प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, ती अहवालातच छापलेली असते. सोबत अल्ब्युमिन पाहतात, कारण कॅल्शियमचा बराचसा भाग त्या प्रथिनाला चिकटून फिरतो. कॅल्शियम जास्त निघालं तर पीटीएच. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: कॅल्शियम वाढलेलं असताना पीटीएच दबलेलं असायला हवं. ते वाढलेलं असेल तर संशय पक्का, आणि ते छापील मर्यादेत दिसलं तरीही संशय सुटत नाही. त्या स्थितीत 'नॉर्मल' हे नॉर्मल नसतं. ड जीवनसत्त्व आणि चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही पाहतात. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर चित्र झाकोळतं. आपल्या देशात ही कमतरता इतकी पसरलेली आहे की हाडांची वाट लागल्यावरच आलेले रुग्ण इथल्या डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले आहेत. उलट बाजूही आहे: मूत्रपिंडं बराच काळ निकामी होत गेली तर याच ग्रंथी जास्तीचं काम करून फुगतात. किडनी आणि गळा यांचं नातं दोन्ही दिशांनी चालतं.

निदान झालं की गाठ कुठे आहे ते सोनोग्राफी आणि एका विशेष स्कॅनने शोधतात. पाचांपैकी चार रुग्णांत ती एकाच ग्रंथीत असते. गळ्यावर छोटा छेद, अनुभवी हात, गाठ बाहेर. नव्या खड्यांचा धोका बराच उतरतो, हाडं हळूहळू भरू लागतात. आधीच धरलेले खडे मात्र विरघळत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात.

आता माझं म्हणणं सांगतो. खडा काढणं आज सोपं झालंय. धक्कालहरींनी फोडतात, दुर्बिणीतून लेझरने चुरा करतात, माणूस दोन दिवसांत कामावर जातो. ही फार चांगली गोष्ट आहे; विळ्याएवढी जखम नको कुणाला. पण काढणं सोपं झालं तसं 'हा धरलाच का' हे विचारणं मागे पडलं. खडा गेला, फाइल बंद. दोन वर्षांनी पुन्हा तीच कळ, पुन्हा तीच दुर्बीण, पुन्हा "पाणी कमी पिता तुम्ही." बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं. मुतखड्याच्या शंभर रुग्णांत पॅराथायरॉइडचे निघतात ते साधारण दोन ते पाच. थोडेच. पण त्या थोड्यांना तुम्ही कितीही पाणी पाजा, खडा पुन्हा धरणार, कारण उघाडी उघडी आहे. त्यांना ओळखायला लागते ती एका नळीची तपासणी, आणि ती मागायला कुणी लाजू नये.

आणि स्वतःच्या मनाने दूध-दही बंद करू नका. कॅल्शियमचा खडा म्हणून अन्नातलं कॅल्शियम तोडलं तर आतड्यात ऑक्झलेट मोकळं राहतं, ते जास्त शोषलं जातं आणि खड्यांना उलट खतपाणी मिळतं. गाठ असेल तर हाडं आधीच लुटली जात असतात, त्यांचं ताट काढून घेऊ नये. काय खावं, किती खावं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

चपला घाला. घरी जा आणि खड्याच्या जुन्या फाइली काढा, स्वतःच्या, आईच्या, सासूच्या. दुसऱ्यांदा खडा झालाय का, दोन्ही बाजूंना झालाय का, तरुणपणीच झालाय का ते पाहा. त्यासोबत पाठ दुखते, उंची घटलीय, तहान फार लागते, हाड किरकोळ पडण्याने मोडलंय, असं काही आहे का तेही पाहा. मग अहवालांत 'सीरम कॅल्शियम' ही ओळ शोधा. ती कुठेच नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच म्हणा: माझं कॅल्शियम आणि पीटीएच एकदा तपासा.